ऐनाला लावलेला रोग

"ठेव तो हातोडा खाली! खाली ठेव म्हन्ते ना, मुडद्या! त्या झाडाला शिक्का लावलास तर हितंच आडवी पडंन, मग मार दुसरा माझ्या कपाळावर!"

हौसाबाई वरच्या बांधावरून ओरडत खाली येत होती. उतार, दगड, करवंदीच्या जाळ्या, कशालाही वळसा घालणं तिला मंजूर नव्हतं. ती सरळ रेषेत येत होती आणि डोंगर बाजूला सरकून तिला वाट देत होता. तिचा आवाज समोरच्या कड्याला धडकून परत यायचा, आणि परत येताना जास्तच चिडलेला असायचा. आमचा वनमजूर दगडू मार्किंगचा हातोडा हातात धरून थिजला होता. ऐनाच्या बुंध्याशी, जमिनीपासून वीतभर वर, तळहाताएवढी साल त्यानं नुकतीच तासून काढली होती. आतलं लालसर ओलं अंग उघडं पडलं होतं, शिक्का बसायचा तेवढा बाकी होता. आणि मी, त्या रानाचा वनरक्षक, वाडीच्या भाषेत गार्ड, नोंदवही छातीशी धरून उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मला बोलायला काही सुचत नव्हतं.

हे शेवटचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "झाल्या इथूनच थापा सुरू." तिचं बरोबर आहे. मुळशीच्या निम्म्या खोऱ्यात मी थापाड्या गार्ड म्हणून प्रसिद्ध होतो, आणि उरलेल्या निम्म्यात ती बातमी मी स्वतः जाऊन पोचवली होती. माझ्या गस्तीतले बिबटे मला ओळखायचे. थंडी वाढली की चौकीच्या शेकोटीपाशी येऊन बसायचे आणि उठताना 'येतो' म्हटल्यासारखी मान हलवून जायचे. धरणाच्या पाण्यात मगर आहे असं मी एकदा सांगितलं, तर माणसं हसली, पण तीन वाड्यांच्या म्हशींनी पाण्यात डुंबणं सोडलं. रानडुकराच्या पाठीवर बसून मी ताम्हिणीचा अर्धा घाट चढलो होतो हेही खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. डुकराला विचाराल तर तो वेगळंच काही सांगेल. या गोष्टींनी कुणाचं केसाएवढं नुकसान झालं नाही. नुकसान झालं ते एकाच थापेनं, आणि ती माझ्या सगळ्या थापांत लहान होती. चार-पाच वाक्यांची असेल. तिच्यात बिबट्या नव्हता, मगर नव्हती. म्हणूनच तिच्यावर विश्वास बसला.

मी आता निवृत्त होऊन पिरंगुटला राहतो. समोरच्या रस्त्यानं हिंजवडीच्या कंपन्यांच्या गाड्या पळतात, उरवड्याकडे पाळीला जाणारी पोरं फटफटीवरून जातात, आणि आमच्या गल्लीतल्या बाभळीला सुद्धा केबलच्या वायरी लगडल्या आहेत. यंदा पौष लागला आणि घाटाकडून तो कोरडा, अंगाला चावणारा वारा खाली उतरला. पंधरवड्यापूर्वी एका सकाळी शेजारच्या प्लॉटवर मजूर एक झाड तासत होते. हिरव्या लाकडाचा, तुरट, किंचित आंबूस वास भिंत ओलांडून आला. मी चहाचा कप तसाच ठेवला. वासाचा हाच एक त्रास आहे. डोळे मिटता येतात, कानात बोटं घालता येतात, पण वासापुढे माणूस उघडाच असतो. मी त्या वासाबरोबर दहा वर्षं मागं गेलो, आणि तिथं ती थंडी अजून तशीच उभी होती.

मार्किंगचा हंगाम म्हणजे थंडीचा. गवत पिवळं पडलेलं, दव इतकं जड की दहा वाजेपर्यंत विजारीचे पाय पिळून पाणी प्यावं. आम्ही चौघं-पाचजण रांग धरून उतार चढायचो. टेप धरणारा झाडाच्या छातीला टेप लपेटून झाडाचं नाव आणि घेर ओरडायचा, "किंजळ, नव्वद!" मी वहीत लिहिता लिहिता तेच ओरडून परत म्हणायचो, म्हणजे चूक नको. माझं 'नव्वद' ऐकून पलीकडच्या डोंगरावरचे धनगर आपल्या शेळ्या मोजायला घ्यायचे. मग दगडू पुढं व्हायचा. त्याच्या हातातल्या हातोड्याच्या तोंडावर सरकारी खूण उलटी कोरलेली. एक शिक्का छातीशी, एक अगदी खाली बुंध्याशी. खालचा मोलाचा, कारण झाड गेलं तरी खुंट मागं उरतो, आणि मला सरकारनंच मारलंय, चोरानं नाही, हे त्या खुंटानं उद्या सांगायचं असतं. शिक्का बसला की झाड कागदावर पडलेलं असतं. वाऱ्याला मात्र हे कुणी कळवत नाही. तो पूर्वीसारखाच येतो आणि पानं हलवत बसतो.

मला हा हंगाम आवडायचा, हे आता सांगायला लाज वाटते. आवडायचा, कारण माझ्या आवाजाला तेव्हा काम असायचं.

आता राबाचं सांगतो. आमच्या मुळशी-मावळात भाताचं बी जिथं पेरायचं, त्या तुकड्यावर उन्हाळ्यात राब भाजतात. खाली शेण, त्यावर ऐन-किंजळीचा वाळलेला टहाळ, म्हणजे छाटलेल्या फांद्या, त्यावर पाला, गवत, आणि सगळ्यावर बारीक मातीची गोधडी. वाऱ्याच्या तोंडाला आग लावायची, म्हणजे जाळ धावत सुटत नाही, रांगत येतो. माती भाजते, तणाचं बी मरतं, राख मुरते. मग पावसाळ्यात रोप असं उठतं, की माझी आई बी फेकून मागं वळायच्या आत ते तिच्या पदराला लागायचं. बरं, पदराला नसेल लागत. पण गुडघ्याला लागायचं हे कुणालाही विचारा.

त्यासाठी थंडीत ऐन छाटायचे. कोयता कमरेला लावून वर चढायचं, मनगटाएवढ्या फांद्या उतरवायच्या, आणि शेंड्याची एक डहाळी तशीच सोडायची. त्या डहाळीला हौसाबाईच्या वाडीत झाडाचं नाक म्हणतात. नाक ठेवलं की झाड श्वास घेतं आणि चैत्रात पुन्हा भरून येतं. एका झाडाला तीन वर्षांतून एकदाच हात लावायचा. कुठला ऐन कुणाच्या घरचा, यंदा कुणाची पाळी, हे कुठल्याही कागदावर नव्हतं आणि कधी चुकतही नव्हतं. सातआठ घरांची ती वाडी, धरणाच्या पाण्याच्या वर, ओढ्याच्या कडेनं भाताची खाचरं. हौसाबाईच्या घरचे अकरा ऐन. तिच्या सासऱ्यानं ते तिला लग्नानंतर एकेक करून दाखवले होते, जशी घरातली माणसं दाखवतात तशी.

जमीन मात्र सरकारची. जंगल राखीव. कागदावर ही छाटणी गुन्हा, आणि तो गुन्हा पकडणं माझं काम. आता माझा जन्म खाली पौडाजवळचा. माझ्या आईनं ह्याच गुन्ह्यावर मला आणि माझ्या तीन भावंडांना वाढवलं. मी ऐनांच्या बाजूनं गस्त घालायचो तेव्हा मुद्दाम मोठ्यानं गाणं म्हणत यायचो. झाडावर कुणी असेल त्यानं उतरून जावं. माझं गाणं ऐकून माणसं उतरायचीच, गुन्हा नसला तरी.

छाटलेला ऐन पौषात पाहावा. मगरीच्या पाठीसारखी साल, जागोजाग गाठी, फांदी एक नाही, आणि वर शेंडीसारखी ती डहाळी. उतारावर जागोजाग असे खांब. आमच्या डोळ्यांना ते न्हाव्याकडून नुकतेच आलेले म्हातारे वाटतात. परक्या माणसाला ते मेलेले वाटतात. आणि एका थंडीत तिथं परका माणूस आला.

ह्या जंगलाची पुढच्या दहा वर्षांची आखणी करायची होती. कुठली झाडं काढायची, कुठं नवं रान उभं करायचं, ते सगळं ठरवणार होते बोरकुटे साहेब. मूळचे चंद्रपूरकडचे. साग आणि बांबूच्या रानात वाढलेला माणूस. सागाच्या पानावर नुसता हात फिरवून त्याचं वय सांगायचे. पण भाताचा राब त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. साहेब वाईट असते तर ही गोष्ट लिहायला किती सोपी होती! पण साहेब पायवाटेवर मुंग्यांची रांग दिसली तरी थांबून पाय लांब टाकायचे. त्या डोंगराच्या खालच्या अंगाला पूर्वी कुणीतरी निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून ठेवली होती. खाली गवताची काडी उगवत नव्हती, पाखरू बसत नव्हतं. ती टप्प्याटप्प्यानं काढायची आणि तिथं ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा असं मूळचं जंगल परत आणायचं, हा त्यांचा ध्यास होता. झाडं काढण्याची यादी करताना आवंढा गिळणारा साहेब मी तो एकच पाहिला.

तर आम्ही निलगिरी पाहून वर चढलो आणि ऐनांत आलो. साहेब उभे राहिले. टोपी काढली.

"गार्डसाहेब, हे झाडं असे कशानं झाले हो?"

माझ्या मागं दगडू खोकला. समोर तीन दिवसांपूर्वी छाटलेला ऐन उभा होता, वार अजून ओले. राब म्हणून सांगितलं तर वाडीवर केस होणार, आणि रानात छाटणी चालू असताना गार्ड काय करत होता म्हणून मला मेमो मिळणार. हा विचार मी केला असं मी नंतर स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे विचार करायला वेळच झाला नाही. माझी जीभ माझ्या फार पुढं चालते.

"रोग आहे साहेब."

"कोणता?"

"शेंडेमर."

लिंबाच्या बागेत असलं काही होतं, हे मी कुणाच्या तरी तोंडून एसटीत ऐकलं होतं. ते उचललं आणि ऐनाला चिकटवलं.

"पण हे तर कोयत्याचे वार दिसून राहिले."

"आम्हीच छाटतो साहेब. रोग वरून खाली उतरतो. वरच कापला तर बुंधा वाचतो. मागच्या साहेबांचा तोंडी हुकूम होता." मागचे साहेब तोवर बदलून लांब गेले होते. बदलून गेलेल्या साहेबाएवढा सोयीचा साक्षीदार जगात दुसरा नाही.

"आणि वर ही एकच फांदी जिवंत?"

"तेवढीच झुंजतेय साहेब."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. इथं मात्र मी वाढवून सांगत नाही. त्यांनी ऐनाच्या अंगावर तळहात ठेवला, जसा तापल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि खिशातून वही काढली.

उतरताना दगडू म्हणाला, "गार्डसाहेब, माणसं झाली, म्हशी झाल्या. आज तुमी झाडाला पन गंडवलं."

"वाडी वाचवली, दगड्या."

हौसाबाई ओढ्याशी भेटली. साहेब वर जाऊन आले म्हणून ती घाबरलेली. "काय म्हनला रं तो? केस करतोय का?"

"मी असल्यावर केस होतीया व्हय, मावशे? अशी जादू केली, साहेब टोपी काढून नमस्कार करून गेला तुझ्या ऐनाला."

"काय सांगितलंस?"

"ते माझ्यापाशी राहू दे."

तिनं मला परडीभर पावट्याच्या शेंगा दिल्या. मी घरी नेल्या, बायकोनं मसाला घालून उसळ केली, आणि मी दोनदा वाढून घेतली. त्या उसळीची चव मी विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे.

दोन थंड्या गेल्या. मधल्या काळात साहेबांचं येणं खालच्या निलगिरीपर्यंतच झालं, छाटलेल्या ऐनांची पालवी त्यांनी पाहिली नाही. मग एक दिवस साहेबांनी मला विश्रामगृहावर बोलावलं. व्हरांड्यात टेबलावर मोठा नकाशा पसरला होता. निलगिरीला तांबडा रंग, नव्या लागवडीला हिरवा, आणि वर, वाडीच्या कडेला, पिवळ्या रंगाचा एक डाग. आखणी मंजूर होऊन आली होती. पिवळ्यात रोगट ऐन होते, आणि लागण झाली असेल म्हणून शेजारचे भरलेलेही. ते मुळाशी कापून टाकायचे, म्हणजे रोग डोंगरमाथ्यावरच्या देवराईपर्यंत पोचणार नाही. ही शिफारस कुणाच्या निरीक्षणावरून केली, तेही खाली छापलं होतं. माझं नाव होतं. आडनावासकट, शुद्ध, टाईप केलेलं.

मी सांगणार होतो. तसा ठरवूनच गेलो होतो असं नाही, पण तो पिवळा डाग पाहिल्यावर मी तोंड उघडलं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "तुमच्यामुळे कळलं हो. मी सगळी पुस्तकं पाहिली, ऐनावर हा रोग कुठंच नाही सापडला. डोळे उघडे ठेवणारा माणूस पाहिजे रानात." त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या कपात चहा ओतला.

चाळीस वर्षं मी बोलत होतो आणि लोक हसत होते. माझं एखादं वाक्य खरं मानून कुणी कागदावर उतरवलं, ते तेव्हाच. चहा संपेपर्यंत मी साहेबांना बिबट्याची एक नवीन गोष्ट सांगितली. चांगली रंगली.

म्हणून त्या सकाळी दगडू बुंधा तासून उभा होता आणि हौसाबाई बांधावरून कोसळत आली.

ती आमच्यापाशी पोचली, झाडाला पाठ लावून उभी राहिली आणि धापा टाकत म्हणाली, "काय झालंय माझ्या ऐनाला?"

दगडूनं मान खाली घातली. मी म्हणालो, "रोग हाय, मावशे. कागद आलाय वरनं."

"वरनं पाऊस येतो. रोग कुटनं आला? कोन म्हनलं रोग हाय?"

"साहेब लोकांनी ठरवलंय."

"ज्यानं म्हनलं त्याच्या जिभंला किडं पडूत! आरं, परवा छाटलाय त्यो. तुला ठावं न्हाई? तुझी आय काय हवेवर भात पिकवत व्हती?"

मी वहीचं पान उलटलं.

मग तिचा आवाज एकदम उतरला. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "गार्डा, चैतापातुर थांब. दोनच म्हैनं. पालवी न्हाई फुटली तर म्या सोता कुऱ्हाड घालीन. तुला डोंगर चढाया पन नगं. पर चैतापातुर थांब, बाबा."

दोन महिने! थांबता आलं असतं. त्या आठवड्यात माझ्या पायाला मुरगळ येऊ शकली असती, वही ओढ्यात पडू शकली असती, चौकीत वाघ शिरू शकला असता. फुकटात शंभर थापा मारणारा मी, त्या दिवशी कामाची एक थाप मला सुचली नाही. आणि खरं काय ते सांगायचं झालं असतं तर दगडूसमोर, तिच्यासमोर, आणि नंतर त्या टाईप केलेल्या नावासमोर उभं राहावं लागलं असतं.

"हंगाम संपतो, मावशे," मी म्हणालो.

दगडूनं हातोडा माझ्यापुढं धरला. "तुमीच मारा."

मी मारला. ओल्या लाकडावर तो आवाज मोठा येत नाही. कुणी तरी दार नीट लावून घ्यावं, तेवढाच. अकराच्या अकरा. बाकीच्या घरांचे ते वेगळे.

माघात झाडं पडली. ऐन पडताना एक गंमत होते, तिला गंमत म्हणायचं तर. त्याच्या खोडात कधीकधी पाणी साठलेलं असतं. सातव्या की आठव्या झाडाला करवत लागली आणि फुगीर अंगातून पाण्याची धार लागली, पेलाभर असेल, मी आजवर ती घागरभर सांगत आलो. मजूर हसले, कुणी ओंजळ धरली. हौसाबाई बांधावर बसून होती. सकाळी यायची, संध्याकाळी जायची. ओरडली नाही, रडली नाही. तिच्या हातात काही कामही नव्हतं, आणि त्या बाईला रिकाम्या हातानं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

चैत्रात खुंटांना फुटवे आले. प्रत्येक खुंटाला. तांबूस, मऊ, लहान मुलाच्या कानाच्या पाळीसारखी पानं. निरोगी झाडच असं फुटतं हे वाडीतल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. साहेब पाहायला आले आणि अक्षरशः नाचले. "रोग गेला, गार्डसाहेब! मुळापासून गेला!" त्यांनी फोटो काढले. माझ्या खांद्यावर हात टाकून माझाही एक काढला. तो फोटो त्यांनी मला पोस्टानं पाठवला होता. माझ्या चेहऱ्यावर सूर्य आल्यामुळं डोळे मिटलेले आहेत, असं मी घरी सांगितलं.

मग चर खणले, काटेरी तार ओढली, जांभूळ-हिरड्याची रोपं लावली. तारेच्या आत माणूस, गुरं, कोयता, सगळं बंद. त्या बंदीवर पहारा माझाच. त्या वर्षी वाडीनं राब भाजला तो शेणावर आणि वाळल्या गवतावर. गवताचा जाळ भसकन वर जातो आणि माती थंडच राहते. रोपं पिवळी आली, तण आधी आलं. मला राहवलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पौडाजवळच्या भावाच्या बांधावरचा टहाळ तोडून मी फटफटीवर मागं बांधला आणि अर्धा डोंगर ढकलत वाडीत नेला. हौसाबाईनं भारा उतरवून घेतला. त्यातल्या मूठभर काटक्या चुलीत सारल्या, आणि त्यावर चहा करून मला दिला. बाकीचा भारा दारात ठेवला. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा तो तिथंच होता, पाऊस पिऊन काळा पडलेला.

आता त्या जागी जाऊन पाहा. मी सांगतो म्हणून नको, स्वतः जा. रविवारी सकाळी हिंजवडीची तरुण मुलंमुली गळ्यात कॅमेरे अडकवून तिथं येतात. निलगिरी गेली, जांभळं उभी राहिली, ऐनाचे फुटवे दोन पुरुष उंच झाले. तांबट बोलतो, शेकरू दिसते. त्या मुलांना मी एकदा सांगितलं की हे जंगल मी वाढवलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. थाप नव्हती आणि खरंही नव्हतं. बोरकुटे साहेबांची आखणी चुकली असं मला कुठल्याही तोंडानं म्हणता येत नाही. पायाखाली पानांचा थर आहे, ओढ्याला माघापर्यंत पाणी असतं. खोटं मी बोललो आणि जंगल खरं आलं. मग माझं दुखतं कुठं?

मी त्या नव्या ऐनांखाली उभा राहून पाहिलं आहे. सरळ वाढलेत, देखणे आहेत, एकाच्याही अंगावर गाठ नाही. कुणी त्यांच्यावर चढलेलं नाही. हा कुणाच्या घरचा, असं विचारावं तर उत्तर येत नाही. जुना प्रत्येक ऐन कुणाचा तरी सासरा, कुणाचा तरी दीर होता. कुठल्या गाठीवर पाय ठेवायचा हे पायाला पाठ होतं. ते ज्ञान मी शिक्का मारून आडवं केलं. साहेबांना मी त्याच पौषात खरं सांगितलं असतं, तर कदाचित वाडीवर केस झाली असती. किंवा कदाचित तो हळवा माणूस नकाशावर आणखी एक रंग भरायला बसला असता, राबाच्या ऐनांचा. त्याच्या डोळ्यांत पाणी यायला खरं पण पुरलं असतं. ते मी त्याला देऊनच पाहिलं नाही.

गेल्या आठवड्यात तो वास काही केल्या नाकातून जाईना, तेव्हा मी वाडीवर गेलो. दोनचार दारांना कुलपं. हौसाबाईचा मुलगा उरवड्याला कारखान्यात पाळीवर. ती एकटीच अंगणात वाल निवडत होती. पाठ वाकलीय, नजर तीच.

"ये गार्डा. लई दिसानं? बिबट्यानं सोडलं व्हय तुला?"

"मावशे, एक सांगायचं होतं."

"सांग की. पर आखूड सांग, मला कामं हायेत."

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. आखूड. तो रोग साहेबांनी काढला नव्हता, कागदानंही नाही. ते नाव माझ्या तोंडातून निघालं. केस होऊ नये म्हणून बोललो, आणि नंतर माझं नाव छापून आलं म्हणून गप्प राहिलो. थांबता येत होतं, थांबलो नाही. इतक्या वर्षांत एवढी लांब गोष्ट मी न फुगवता पहिल्यांदाच सांगत होतो. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

ती वाल निवडत राहिली. किडका बाजूला, चांगला सुपात. मला शिव्या हव्या होत्या. त्या खायची तयारी करूनच मी डोंगर चढलो होतो. तिनं सूप पाखडलं, खाली ठेवलं, पुन्हा मूठभर वाल घेतले.

"मावशे," मी म्हणालो, "तुझ्या राबाचं वाटोळं मी केलं. काय तरी बोल की."

"काय बोलू," हौसाबाई म्हणाली. "आमी आता भात लावत न्हाई."